लिनक्सची स्क्रिप्ट विंडोजवर चालवताना

गोव्यातल्या वाळपईच्या काजू व्यापाऱ्याकडे हिशेबाला विंडोजचा संगणक आहे, आणि पावत्यांच्या स्कॅनना तारखेप्रमाणे नावे देणारी बॅश स्क्रिप्ट (बॅश हा आज्ञा चालवणारा प्रोग्राम, स्क्रिप्ट म्हणजे आज्ञांची फाइल) लिनक्सवर लिहिलेली आहे. ती पुन्हा लिहायची गरज नाही. बहुतेक वेळा स्क्रिप्ट बरोबरच असते. चूक असते ओळीच्या शेवटी न दिसणाऱ्या एका चिन्हात किंवा फाइल ठेवलेल्या जागेत.

स्क्रिप्ट फक्त फाइली हलवणे, शोधणे, मजकूर बदलणे एवढेच करत असेल तर गिट फॉर विंडोजसोबत येणारे गिट बॅश पुरते. तिला लिनक्सची इतर पॅकेजेस लागत असतील तर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारी सोय, घ्या. विंडोज 10 ची 2004 किंवा पुढची आवृत्ती, अथवा विंडोज 11 हवे. आधी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडून व्हर्च्युअलायझेशन 'एनेबल्ड' आहे ना ते पाहा. नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू करा. मग पॉवरशेल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून लिहा (आज्ञा इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरे वापरा):

डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल

संगणक रीस्टार्ट करा. उबुंटू (डब्ल्यूएसएलसोबत बसणारे लिनक्स) सुरू झाले की नाव आणि पासवर्ड विचारेल. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. तो टाइप होतच असतो.

आता ते न दिसणारे चिन्ह. लिनक्समध्ये ओळ एका चिन्हाने संपते, विंडोजमध्ये दोन चिन्हांनी. स्क्रिप्ट विंडोजच्या एडिटरमधून किंवा गिटमधून आली असेल तर ते जादा चिन्ह, कोणत्या प्रोग्रामने चालवायचे ते सांगणाऱ्या पहिल्या ओळीतल्या 'बॅश'च्या शेपटाला चिकटते. मग संगणक त्या विचित्र नावाचा प्रोग्राम शोधतो आणि स्क्रिप्ट समोर असूनही 'अशी फाइल नाही' म्हणतो. लोक इथे तासन्‌तास परवानग्या तपासत बसतात. उपाय उबुंटूच्या खिडकीतल्या दोन आज्ञांचा (पावत्या.एसएच हे स्क्रिप्टचे नाव):

सूडो एपीटी अपडेट && सूडो एपीटी इन्स्टॉल डॉस2युनिक्स
डॉस2युनिक्स पावत्या.एसएच

एडिटरमध्ये ओळीचा शेवट 'एलएफ' (लिनक्सचे एकच चिन्ह) ठेवला की फाइल पुन्हा बिघडत नाही. स्क्रिप्ट चालवताना पुढे 'बॅश' लिहा, 'एसएच' नको. उबुंटूत 'एसएच' म्हणजे डॅश हा बॅशहून साधा प्रोग्राम, आणि दुहेरी चौकटी कंसातल्या अटी त्याला कळत नाहीत.

विंडोजचा सी ड्राइव्ह उबुंटूत /एमएनटी/सी या वाटेवर असतो. तिथून हजारो छोट्या फाइली हाताळणे डब्ल्यूएसएल 2 मध्ये फार संथ होते, कारण प्रत्येक फाइलसाठी दोन यंत्रणांमधली सीमा ओलांडावी लागते. मार्च ते मे या हंगामात पावत्यांचा ढीग साचतो, तेव्हा फरक जाणवतोच. स्कॅन आधी उबुंटूच्या होम फोल्डरमध्ये आणा, काम उरका, निकाल परत सी ड्राइव्हवर टाका.

नावांची अडचण सर्वांत घातक, कारण ती कधीकधी एरर न देता माहिती गिळते. लिनक्सच्या लेखी मोठ्या बीची 'बिल' आणि लहान बीची 'बिल' या दोन फाइली आहेत. विंडोजच्या फोल्डरमध्ये दुसरी पहिलीवर लिहिली जाते. म्हणून फाइलचे नाव बदलणाऱ्या एमव्ही या आज्ञेला -एन जोडा, म्हणजे आधीची फाइल पुसली जाणार नाही. 'काजू पावती 12' अशा नावातल्या रिकाम्या जागांमुळे त्याचे तीन तुकडे पडतात, तेव्हा स्क्रिप्टमधले फाइलचे व्हेरिएबल दुहेरी अवतरणात हवेच. वेळ लिहिताना कोलन नको, विंडोजच्या नावात तो चालत नाही. 10-30 असे लिहा.

रोज आपोआप चालवायची असेल तर क्रॉनवर (लिनक्सचे ठरल्या वेळी कामे चालवणारे साधन) विसंबू नका, डब्ल्यूएसएल बंद असताना क्रॉनही बंद असतो. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये प्रोग्राम म्हणून डब्ल्यूएसएल.ईएक्सई द्या, आर्ग्युमेंटमध्ये 'बॅश' आणि स्क्रिप्टची पूर्ण वाट.

पावसाळ्यात वाळपईच्या सत्तरी तालुक्यात वीज अचानक जाते, आणि अख्खे उबुंटू एकाच व्हर्च्युअल डिस्कच्या फाइलमध्ये असते. ती बिघडली तर आतले सारे अडकते. जूनपूर्वी एकदा, मग दर आठवड्याला पॉवरशेलमधून प्रत काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवा (इथे ती डी आहे):

डब्ल्यूएसएल --एक्स्पोर्ट उबुंटू डी:\उबुंटू.टार

'उबुंटू'च्या जागी डब्ल्यूएसएल -एल दाखवेल तेच नाव घाला.