व्याजाच्या चार खेपा आणि उतरायचे राहिलेले थांबे

एसटीत कंडक्टरकी केली, त्यामुळे गुहागर-दापोलीकडचे रस्ते तोंडपाठ. गावं मात्र खिडकीतूनच पाहिलेली. हेदवीला उतारू उतरले की डबल बेल आणि पुढे. आता निवृत्त व्हायला आलेली डेपोतली मंडळी भेटली की दोन गोष्टी विचारतात, पैशाचं काय केलंत आणि एवढे फिरता कसे. पहिल्याचं नीट झालं तरच दुसरं होतं, म्हणून एकत्रच सांगतो.

आमची पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, तिच्या भरवशावर घर चालत नाही. खरी पुंजी फंडाची आणि ग्रॅच्युइटीची. ती खात्यात पडायच्या आत गावाला कळते. कुणी प्लॉट दाखवायला येतो, कुणी पतपेढीचा जादा टक्का घेऊन. पतपेढीतल्या ठेवीला ठेव विम्याचं संरक्षण नसतं. बँकेतल्या ठेवीला असतं, तेही एका बँकेत एका माणसाला मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंत. मी पोस्ट धरलं.

पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला वय ६० लागतं. पण नोकरीतून निवृत्त झालेल्याला ५५ नंतरही खातं उघडता येतं, निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. आम्ही ५८ ला सुटणारी माणसं, आमच्यासाठी ही मुदत महत्त्वाची. गेली, तर साठी भरेपर्यंत थांबा. कमाल मर्यादा ३० लाख, पाच वर्षांची मुदत, दर सध्या ८.२ टक्के, तुम्ही पैसे ठेवता त्या दिवशीचा दर पाच वर्षं बदलत नाही. १० लाखांवर दर तिमाहीला २०,५०० रुपये येतात.

हे व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या सुरुवातीला जमा होतं, आणि आपल्या कोकणातला खर्च याच बेताने येतो. म्हणून मी प्रत्येक खेपेला तिचं काम नेमून दिलंय. एप्रिलची पावसाळ्याच्या बेगमीची: कौलं चाळायची, पडवीला झड बांधायची, तांदूळ, मीठ-मसाला, लाकूडफाटा भरायचा. जुलैची लावणीच्या मजुरीला, उरेल ते गणपतीला. चाकरमानी आले की किराणा कसा उडतो ते सांगायला नको. ऑक्टोबरची कापणी, दिवाळी आणि डोळे-दात तपासायला. जानेवारीची मात्र फक्त फिरायची. तिला कुणी हात लावायचा नाही. नातवाच्या मोबाइलसाठीसुद्धा नाही. घरात एकदा भांडण होतं, मग सवय होते.

महिन्याच्या गॅस-विजेसाठी पोस्टाचीच मासिक उत्पन्न योजना वेगळी ठेवा. ७.४ टक्क्यांनी ३ लाखांचे महिना १,८५० रुपये. नवरा-बायकोच्या नावावर एकत्र केली तर १५ लाखांपर्यंत चालते. उत्पन्नावर कर बसत नसेल, तर व्याजातून कापू नये म्हणून एप्रिलमध्येच पोस्टात अर्ज द्या. आणि ईपीएसवाल्यांनो, हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरच्या रांगेत उभं राहू नका. आपल्याला तो वर्षात कधीही देता येतो, दिल्यापासून बारा महिने चालतो. जानेवारीत निघायच्या आधी देऊन टाकायचा.

आता फिरणं. आम्हा एसटीच्या निवृत्तांना पास मिळतो, तो भाग निराळा. तुम्हाला ६५ नंतर अर्धं तिकीट, ७५ नंतर महाराष्ट्राच्या हद्दीत फुकट, बायकांना कुठल्याही वयात अर्धं. आधार कार्ड खिशातच ठेवा, पिशवीच्या तळाशी नको. गर्दीत कंडक्टरला ताटकळत ठेवू नये, हे माझं जुनं दुखणं. चाकावरची सीट घेऊ नका. गुडघे घाटात बोलतात.

किनाऱ्यावर जायचं तर आधी कालनिर्णयात तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते: चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार. हा हिशोब आमच्याकडे दर्यावर्दी माणसं बोटांवर करतात. पौर्णिमा-अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया मला पसंत. दुपारी दीड ते सव्वादोनला भरती, तीही उधाणाची, आणि संध्याकाळच्या आत परतीची गाडी. अष्टमीला भांगाचं पाणी, त्याला जोर नाही.

हेदवीची बामणघळ मी अशीच तृतीयेला पाहिली. काळ्या कातळाला उभी चीर गेलेली आहे, रुंदीला अगदी कमी. पाणी आत शिरतं तेव्हा आधी नुसता घुमल्यासारखा आवाज येतो, पाणी दिसतच नाही. मग एकदम पांढरा स्तंभ वर, आणि खारं शिंतोडं चष्म्यावर. बायको म्हणाली, "अहो, एवढ्या जवळून गाडी नेत होतात तुम्ही?" कडेला जाऊ नका, शेवाळ असतं. पावसाळ्यात तर नकोच.

दाभोळ-धोपावे फेरीबोटीने खाडी ओलांडली की गुहागरातून दापोलीच्या बाजूला जाता येतं, चिपळूणचा वळसा वाचतो. हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघायचा, समोर सुवर्णदुर्ग. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा तिकडे जाऊन काही मिळणार नाही.

आठवणी जपायच्या असतील तर एक व्यावहारिक गोष्ट. मशीनमधून निघणारं तिकीट थर्मल कागदाचं असतं. काही महिन्यांत अक्षरं उडतात, आणि गरम लॅमिनेशन केलं तर अख्खं तिकीट काळं पडतं. म्हणून वहीत चिकटवून शेजारी पेन्सिलीने तारीख, तिथी, गाडी कुठून कुठे आणि शेजारी कोण बसलं होतं ते त्याच रात्री लिहा. शाई आमच्या दमट हवेत पसरते. जुने पंच मारलेले कागदी तुकडे असतील तर ते तसेच टिकतात, त्यांना काही करू नका. फोटो मिरगाच्या आधी पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत औषधांच्या बाटल्यांत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या. गणपतीनंतर ऊन पडलं की डबा उघडून सावलीत हवा द्यायची, थेट उन्हात नाही, नाहीतर फोटोच्या कडा वळतात.