इंग्रजीतला एखादा शब्द स्वतःचा अर्थ सोडून व्याकरणाचं काम (जसं काळ दाखवणं) करायला लागलाय का, कसं ओळखायचं

आधी शब्दाचा मूळ अर्थ धरायचा, मग तो कुठे गळलाय ते बघायचं. 'गोइंग टू' घ्या, म्हणजे कुठेतरी जाणं, पण 'इट इज गोइंग टू रेन' मध्ये पाऊस कुठे चाललाय? कुठेच नाही, फक्त भविष्यकाळ उरलाय.

मग आवाज झिजलाय का बघा, 'गोइंग टू'चं बोलताना 'गॉना' झालं की समजायचं काम फत्ते, आणि पक्की टेस्ट म्हणजे 'आय ॲम गॉना स्लीप' चालतं पण 'आय ॲम गॉना स्कूल' कोणी म्हणतच नाही, कारण जाण्याच्या अर्थाने ते झिजलेलं रूप येतच नाही.

भविष्यकाळ दाखवणारं 'विल' पण आधी 'इच्छा असणं' होतं बरं का! जुना अर्थ मात्र लगेच मरत नाही, शतकानुशतकं दोन्ही सोबत नांदतात, 'गोइंग टू'चं आजही तेच चाललंय.