पोटभर भाजी खाऊनही चारला भूक? या चुका टाळा

आमच्या घरात दूध, दही, तूप, पनीर, अंडं सगळं सोडलेला, म्हणजे ‘व्हीगन’ झालेला माणूस एकच, माझा नवरा. मी सगळं खाते, पण स्वयंपाक माझ्याकडे. त्यामुळे पहिले दोन महिने प्रयोग त्याच्यावर आणि बोलणी मला, अशी वाटणी होती. ताट दिसायला गच्च: दुधीची भाजी, कोबीची पचडी, काकडीच्या चकत्या, पालकाचं सूप. आणि बरोबर चारला फरसाणाच्या डब्याचं झाकण वाजायचं. ‘अगं, एवढं जेवलो, तरी पोटात कावळे ओरडतायत!’ मी त्याला खादाड ठरवून मोकळी झाले होते. चूक निघाली माझ्या मंडईच्या पिशवीत.

चूक पहिली: पिशवीच्या वजनावर भरवसा

अर्धा किलो दुधी हातात चांगला जड लागतो. पण त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. त्या अख्ख्या अर्ध्या किलोतून मिळतात जेमतेम 70-75 कॅलरी. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत याच्या दुप्पट असतात. प्रथिनं तर शंभर ग्रॅम दुधीत एक ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. काकडी, पडवळ, दोडका, कोहळा, टोमॅटो, कोबी ही सगळी थोड्याफार फरकाने याच गोतावळ्यातली. पालकाची भली मोठी जुडी शिजून वाटीभर उरते, हे तर रोज डोळ्यांदेखत घडतं.

या भाज्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही. उन्हाळ्यात दुधीसारखं सुख नाही. पण पोट ताणलं गेलं की लगेच ‘भरलं’ वाटतं, आणि ते वाटणं तासा-दोन तासांत ओसरतं. भूक लांबवायची तर प्रथिनं आणि चोथा दोन्ही लागतात. म्हणून मंडईत आता माझा साधा हिशेब असतो: एक पाणीदार भाजी घेतली की सोबत एक दाण्यांची किंवा शेंगांची घ्यायचीच. मटार, पावटा, तुरीचे ओले दाणे, सोलाणे, वालपापडी, गवार, शेवगा. शंभर ग्रॅम मटारात पाच ग्रॅमहून जास्त प्रथिनं असतात, म्हणजे दुधीच्या कितीतरी पट. ओल्या दाण्यांचा हंगाम थंडीपुरता. बाकीचे महिने वाल, मटकी, चवळी भिजत घालायची. उशाशी मोबाइल ठेवायच्या आधी पातेल्यात मूठभर कडधान्य टाकायचं, एवढीच सवय लावून घ्यावी लागते.

डाळ शोभेपुरती घालणं

ही चूक मला सगळ्यात महाग पडली, म्हणून जरा सविस्तर सांगते. दुधीची चणाडाळ घालून केलेली भाजी मी पहिल्यापासून करत होते. पण डाळ किती? दोन चमचे. पिवळे ठिपके दिसले की झालं! एक दिवस मोजून अर्धी वाटी डाळ घेतली, तासभर भिजवली, फोडणीत दोन मिनिटं परतली, पाण्याचा हबका मारून अर्धी कच्ची शिजवली आणि मग दुधीच्या फोडी टाकल्या. वरून दोन मोठे चमचे दाण्याचं कूट. भाजी तीच, मसाला तोच. त्या दिवशी चार वाजता डबा वाजला नाही. अर्ध्या वाटी कोरड्या डाळीत साधारण 60 ग्रॅम डाळ बसते, म्हणजे भाजीत 12-13 ग्रॅम प्रथिनांची भर पडते. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रथिनं लागतात, त्या मानाने ही भर थोडी नाही.

मग लक्षात आलं की आपल्याकडच्या जुन्या भाज्यांत ही जोडी ठरलेलीच आहे. अळूच्या फदफद्यात हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे, सिमला मिरचीत पेरलेलं बेसन, भरल्या वांग्यांत कूट. भोगीच्या भाजीत तर पावटा, हरभरा, शेंगदाणे, तीळ सगळंच, आणि शेजारी तीळ लावलेली बाजरीची भाकरी. ते जेवण झाल्यावर संध्याकाळपर्यंत कुणी खाण्याचं नाव काढत नाही. गोव्याच्या खतखत्यातही कंद, भाज्या आणि तूरडाळ एकत्र नांदतात. आपण काय केलं, तर वेळ वाचवायला डाळ भिजवणं सोडलं आणि ‘हलकं’ म्हणून कूट कमी केलं. उरली नुसती वाफवलेली भाजी.

भाजी म्हणजे तोंडीलावणं, हा हिशेब

तोंडीलावणं हा शब्दच सांगतो की मुख्य जेवण पोळी-भाताचं आणि भाजी पळीभर. दही, अंडं, पनीर ताटातून गेल्यावरही भाजी पळीभरच राहिली, तर ती जागा भात घेतो. भात खाऊन सुस्ती येते, आणि थोड्या वेळाने पुन्हा भूक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात 2000 कॅलरींच्या आहाराला दिवसाला 400 ग्रॅम भाज्या धरल्या आहेत. वजनकाट्यावर एकदा 400 ग्रॅम चिरलेली भाजी ठेवून पाहा. आमच्याकडे चौघांची भाजी तेवढी व्हायची!

बटाट्याला वाळीत टाकणं

‘डाएट’ म्हटलं की पहिला बळी बटाट्याचा. सिडनी विद्यापीठात 1995 मध्ये 38 पदार्थ तपासले होते. प्रत्येकाचा सारख्याच कॅलरींचा वाढप देऊन पुढचे दोन तास पोट किती भरलेलं वाटतं, हे माणसांना विचारलं. पांढऱ्या पावाला 100 गुण धरले, तर उकडलेल्या बटाट्याला 323 मिळाले. सगळ्यात वरचा नंबर! अर्थात उकडलेल्या, वेफर्सच्या नाही. तेव्हा कंदांना घाबरू नका: रताळं, सुरण, अरवी. सुरणाने घसा खवखवतो म्हणून लोक टाळतात. ती खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांची. चिरताना हाताला तेल लावा, फोडी आमसूल किंवा चिंच घातलेल्या पाण्यात नीट उकडा, ते पाणी फेकून द्या. मग काप करा नाहीतर रस्सा. फक्त कंद घेतला त्या दिवशी भात अर्धा करा.

दिसतं मांसासारखं म्हणून प्रथिनं समजणं

पनीरऐवजी मशरूम, मटणाऐवजी फणसाची कुयरी. चावायला झकास, वादच नाही. पण मशरूममध्ये शंभर ग्रॅमला तीनेक ग्रॅम प्रथिनं, कुयरीतही फार नाहीत. कोकणात कुयरीच्या भाजीत वाल किंवा ओले काजू घालतात, ते नुसतं चवीपुरतं नव्हे. आम्ही एकदा पाहुण्यांना ‘व्हीगन मटण’ म्हणून कुयरीचा रस्सा वाढला. रात्री साडेदहाला सगळे पोहे खात बसले होते.

रस काढून पिणं ही तशीच दुसरी फसगत. गाळला की चोथा गेला, चावणंही गेलं. दुधीच्या रसाबाबत तर कडक सांगेन: फोड चिरल्यावर आधी कण चाखा, कडू लागली तर अख्खा दुधी फेका. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्याच्या घटना आपल्याकडे घडलेल्या आहेत.

बिनतेलाचं खूळही फार चालवू नका. फोडणीला दोन चमचे तेल, वर ओलं खोबरं किंवा तिळाचं कूट असलं की जेवण अंगी लागतं. नुसत्या उकडलेल्या ब्रोकोलीवर कुणी महिना काढल्याचं मी तरी पाहिलं नाही.

आणि हे सगळं केल्यावर पोट फुगलं तर?

फुगणारच, विशेषतः सोमवारपासून एकदम वाल, कोबी, राजमा आणि फ्लॉवर सुरू केलात तर. आतड्यांना सवय व्हायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात दिवसाला एकच वाटी उसळ, तीही मुगाची किंवा मटकीची. वाल, चवळी आठ-दहा तास भिजवा, भिजवलेलं पाणी ओतून द्या, मोड आणा, फोडणीत हिंग आणि ओवा सढळ हाताने घाला. पाणी जास्त प्या, नाहीतर एवढा चोथा घेऊन उलटा बद्धकोष्ठाचा त्रास होतो. दुधाचं सगळं सोडलं असेल तर बी-12 कुठल्याच भाजीतून मिळत नाही, त्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डाळ किती घ्यायची आणि बटाटा-पालक चालतो का, हेही आधी डॉक्टरांनाच विचारावं.

एवढं करूनही चारला भूक लागलीच, तर वाटीभर भाजलेले चणे किंवा उकडलेलं रताळं हाताशी ठेवा. आमच्याकडे फरसाणाचा डबा अजून आहे. फक्त तो आता वरच्या फळीवर आहे, आणि तिथवर त्याचा हात माझ्याआधी पोहोचतो.