जुन्या पेंटियमवर विंडोज ९८ टाकताना आयआरक्यूची टक्कर कशी टाळावी

उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये सीएनसीला (प्रोग्रामवर चालणाऱ्या यंत्राला) प्रोग्राम पाठवणारा जुना पेंटियम अडकला, की पहिला सल्ला येतो: "फॉरमॅट मारा, परत टाका." मारू नका. दोन कार्डं एकाच आयआरक्यूवर (कार्डानं प्रोसेसरला हाक मारायच्या लाइनच्या नंबरवर) बसली असतील, तर दहा वेळा टाकूनही मशीन तिथंच अडकणार.

डेटा काढून घ्या. प्लग काढून डिस्प्ले कार्ड सोडून बाकी कार्डं उतरवा. कार्डांच्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या पट्ट्या खोडरबरानं पुसा, कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्यांच्यावर थर चढतोच. बायोसचा (मशीन सुरू होताना चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामचा) सेल उतरला असेल तर सीआर २०३२ टाका.

आता खरं काम. आयआरक्यू एकूण १६. सिरियल पोर्टांपैकी कॉम १ ला ४, कॉम २ ला ३, प्रिंटरला ७, पीएस/२ माउसला १२, हार्ड डिस्कच्या आयडीईला १४ आणि १५. बाकीचे बोर्डाचे स्वतःचे. मोकळे उरतात ५, ९, १० आणि ११. पीसीआय (नव्या पद्धतीच्या स्लॉटची) कार्डं एकच नंबर वाटून घेतात, आयसा (जुन्या स्लॉटची) कार्डं नाही. म्हणून आयसाचं आधी ठरवा, कागदावर लिहा.

सगळ्यात जास्त फसवतो कॉम ३. त्याचा पत्ता (पोर्टशी बोलायचा नंबर) वेगळा, ३ई८, पण आयआरक्यू कॉम १ चाच, म्हणजे ४. माउस कॉम १ वर आणि सीएनसीची केबल जादा सिरियल कार्डाच्या कॉम ३ वर असली, की इन्स्टॉल बिनबोभाट होतं. प्रोग्राम पाठवायला घेतला की माउस थिजतो, नाहीतर प्रोग्राम अर्ध्यात तुटतो. मग लोक केबल बदलतात, बॉड रेट (पाठवायचा वेग) उतरवतात. काही उपयोग नाही. कार्डाचा जंपर (पिनांवर बसणारी छोटी टोपी) ४ वरून ५ वर न्या. ५ वर साउंड कार्ड असेल तर काढून टाका, वर्कशॉपमध्ये त्याचं काय काम! ५ ची सोयच नसेल, तर बायोसमध्ये बोर्डावरचा कॉम २ बंद करा आणि कार्डाला पत्ता २एफ८ व आयआरक्यू ३ द्या. पत्त्याचा जंपर वेगळा, आयआरक्यूचा वेगळा, दोन्ही बदलायचे.

बायोसमध्ये 'पीएनपी ओएस इन्स्टॉल्ड' नो ठेवा, कार्डाचा नंबर 'लेगसी आयसा'वर टाका, 'रीसेट कॉन्फिगरेशन डेटा' एनेबल करा. हे राहिलं, तर बायोस तोच नंबर पीसीआय कार्डाला देऊन मोकळा होतो.

विंडोज टाका. मग एका वेळी एकच कार्ड. कॉम ३ ला विंडोज स्वतःहून ४ च धरतं, म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या रिसोर्सेसमधली ऑटोमॅटिकची खूण काढून ५ भरा. वरच्या 'कॉम्प्युटर'वर डबल क्लिक केलं की सगळे नंबर दिसतात; कागदाशी जुळवा, जुळल्यावरच पुढचं कार्ड. शेवटी तो कागद कॅबिनेटच्या आत चिकटवा.