दातांना तारा लावण्याआधी कानापुढचा जबड्याचा सांधा तपासा

गिरगावातल्या माझ्या दवाखान्यात आईवडील मुलीला घेऊन येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, तारा किती महिने?" त्याचं उत्तर द्यायच्या आधी मी मुलीच्या मागे उभी राहते, दोन्ही कानांच्या पुढे बोटं टेकवते आणि सांगते, "तोंड उघड. सावकाश. आता मीट." बोटांखाली काय लागतं त्यावर पुढचं बरंच काही ठरतं. ही तपासणी घरी दहा मिनिटांत होते. तारांसाठी कुठेही जाणार असाल, आधी ती करून जा.

आरशासमोर उजेडात बसा. कानाच्या बोटभर पुढे हात ठेवून तोंड उघडलंत, की जबड्याचं हाड पुढे सरकताना जाणवेल. खालचा जबडा आधी बिजागरीसारखा फिरतो, मग उतारावरून पुढे घसरतो. हाड आणि कवटी यांच्यामध्ये एक पातळ चकती असते, ती हाडाबरोबर सरकते. काहींची ती चकती पुढे निसटलेली असते. मग उघडताना हाड तिच्यावर चढतं आणि 'कट्' असा आवाज येतो. नुसता आवाज आहे, दुखत नाही, जबडा अडकत नाही, तर घाबरू नका. त्याला उपचार लागत नाहीत. कागदावर मात्र लिहून ठेवा: कोणती बाजू, कितपत उघडल्यावर, कधीपासून.

आता स्वतःच्याच हाताची मधली तीन बोटं एकावर एक धरून उभी दातांमध्ये घालून बघा. सहज गेली पाहिजेत. पट्टीने मोजलंत तर वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये साधारण 40 मिलिमीटर किंवा जास्त अंतर भरतं. 35च्या खाली असेल तर ते कमी आहे. आरशावर पेनाने उभी रेघ ओढा आणि हनुवटी तिच्या रेषेत खाली जाते का पाहा. वाटेत वळून पुन्हा मध्ये येते, की एका बाजूला जाऊन तिथेच राहते? तिथेच राहत असेल, तर त्या बाजूचा सांधा पुरता सरकत नसण्याची शक्यता असते.

तोंड हळूहळू कमी उघडायला लागलं असेल, तिखट खाल्लं की जळजळत असेल, गाल आतून पांढुरके आणि ताठ लागत असतील, तर सुपारी किंवा गुटखा खाता का ते डॉक्टरांना खरं सांगा. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012पासून बंदी आहे, तरी माझ्याकडे असे रुग्ण येतातच. हे दुखणं सांध्याचं नाही, त्याचा उपचार निराळा, आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो. यात उशीर करू नका.

लहान मुलांचं आणखी एक पाहा. हळूच तोंड मिटायला सांगा, पहिला दात टेकला की थांबवा. मग "आता पूर्ण चाव" म्हणा. हनुवटी बाजूला सरकली, तर वरचा जबडा अरुंद असू शकतो. वाढत्या वयात याला लवकर दाखवावं, कारण जबडा सतत एका बाजूला ओढला गेला तर चेहरा वाकडा वाढू शकतो.

माझी एक चूक सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक कॉलेजची मुलगी आली होती. डावीकडे आवाज, चपाती चावतानाही दुखायचं. तिच्या वडिलांना मी बेधडक सांगितलं, "दात सरळ झाले की दुखणंही जाईल." तारा लावल्यावर चौथ्या महिन्यात एका सकाळी तिच्या तोंडात ब्रश जाईना. त्या तारांमुळेच ते झालं असं मी म्हणणार नाही. तारांनी सांधा बिघडतो असा पुरावा नाही. तारांनी सांध्याचं दुखणं जातं, याचाही नाही. मी मात्र सुरुवातीला तिचा सांधा मोजून लिहून ठेवला नव्हता, त्यामुळे आधी काय होतं तेच सांगता येईना. त्यानंतर मी दुखणं शांत झाल्याशिवाय तारा लावत नाही.

शांत कसं करायचं? बहुतेकांना साधे उपाय पुरतात. दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं गालाला आणि कानशिलाला गरम शेक. काही आठवडे मऊ भात, खिचडी, भाजी बारीक चिरून. कणीस, चिक्की, च्युइंगम बंद. वडापाव खायचाच असेल तर तुकडे करून. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा.

सगळ्यांत महत्त्वाचं, दिवसा दात एकमेकांवर टेकवून ठेवू नका. 'न' म्हणा. जीभ वरच्या दातांच्या मागे जिथे टेकली, तिथेच राहू द्या, ओठ मिटा, दात सुटे. हीच जबड्याची विश्रांती. बोरिवलीहून रोज चर्चगेटला जाणाऱ्या एका रुग्णाला मी सांगितलं होतं, गाडीत "पुढील स्टेशन" ऐकू आलं की दात सुटे करायचे. गर्दीत आपण दात किती आवळतो, हे तिला दोन दिवसांत कळलं.

झोपेत दात खात असाल तर डॉक्टर माप घेऊन रात्रीसाठी कडक प्लेट बनवतात. ती सगळ्या दातांवर बसणारी हवी. थोड्याच दातांवर बसणारी फार दिवस लावली तर चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, बदलू शकतो. आणि दुखण्यावर पहिला उपाय म्हणून कुणी दात तासून चावा जुळवायला निघालं, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. तासलेलं इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक कवच, परत येत नाही.

डॉक्टरांना विचारा की सांध्याची तपासणी केसपेपरवर लिहिली का. पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत हाडं दिसतात, चकती दिसत नाही. तिच्यासाठी एमआरआय लागतो, पण तो प्रत्येकाला नको. खर्चाची अडचण असेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय किंवा सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, दोन्हीकडे दात सरळ करण्याचा विभाग आहे. जबडा अचानक अडकला, सूज-ताप आला, किंवा पन्नाशीनंतर चावताना जबडा थकून कानशील ठणकू लागलं, तर मात्र तारांची वेळ येईपर्यंत वाट पाहू नका.

तारा लागल्यावरही, दर वेळी तार बदलायला जाण्याआधी घरी तीन बोटं घालून बघा. गेली नाहीत, तर खुर्चीत आडवं होण्याआधी ते सांगा.