उसाच्या जोड ट्रॉलीला टेल, ब्रेक आणि इंडिकेटरचे वायरिंग कसे करावे

गाळप हंगाम सुरू झाला की सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ, माढा, पंढरपूर, माळशिरस या तालुक्यांतील रस्त्यांवर रात्रभर उसाची वाहतूक चालते. ट्रॅक्टरचे स्वतःचे मागचे दिवे दोन ट्रॉल्यांच्या आड लपलेले असतात, त्यामुळे मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला दिसतो तो अंधारात मिसळून गेलेला उसाचा ढीग, आणि तो दिसेपर्यंत बऱ्याचदा ब्रेक लावण्याची वेळ निघून गेलेली असते. माझ्या दोन्ही ट्रॉल्यांचे वायरिंग मी स्वतः केले आहे. ज्याला टेस्ट लॅम्प (वायरीत करंट आहे का ते दाखवणारा छोटा दिवा) वापरता येतो आणि वायर नीट सोलता येते, अशा कोणालाही हे काम एका दिवसात करता येईल. येथे 12 व्होल्टची बॅटरी असलेला ट्रॅक्टर, त्यामागे दोन ट्रॉल्या आणि सात पिनांचा प्लग-सॉकेट असा जोड गृहीत धरला आहे.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी आणि ती सर्वांत शेवटी जोडावी.

सात पिनांच्या सॉकेटवर आतल्या बाजूने 1 ते 7 आकडे कोरलेले असतात. प्रचलित पद्धतीनुसार 1 वर डावा इंडिकेटर आणि पिवळी वायर, 2 वर मागचा फॉग लॅम्प आणि निळी, 3 वर अर्थ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी) आणि पांढरी, 4 वर उजवा इंडिकेटर आणि हिरवी, 5 वर उजवा टेल (मागचा कायम लागणारा लाल दिवा) आणि तपकिरी, 6 वर ब्रेक आणि लाल, तर 7 वर डावा टेल आणि काळी वायर येते. यातली पांढरी आणि काळी ही जोडी नीट लक्षात ठेवावी, कारण आपल्याकडे काळी वायर म्हणजे अर्थ अशी सवय हाताला लागलेली असते. सवयीने काळी वायर चेसिसला लावली, तर टेलचा स्विच टाकताच सरळ शॉर्ट होतो आणि फ्यूज उडतो. ट्रॅक्टरचे सॉकेट आधी कोणी दुरुस्त केलेले असेल, तर रंगांवर अजिबात विसंबू नये. बॅटरीची वायर तेवढ्यापुरती जोडून, एकेक स्विच चालू करून, टेस्ट लॅम्पने प्रत्येक पिनवर काय येते ते तपासावे आणि कागदावर लिहून ठेवावे.

आता अर्थविषयी, कारण ट्रॉलीच्या दिव्यांच्या बहुतेक तक्रारी येथेच सुरू होतात. अनेक ठिकाणी दिव्याची निगेटिव्ह वायर ट्रॉलीच्या लोखंडाला लावतात आणि करंट ड्रॉबार, हूक व पिन यांच्यामार्गे ट्रॅक्टरकडे परत जाईल असे धरून चालतात. उभ्या ट्रॉलीत दिवे लागतातही, म्हणून काम झाले असे वाटते. परंतु चालताना हुकाची पिन सतत हलते, तिच्यावर ग्रीस, माती आणि गंज असतो, आणि परतीचा रस्ता क्षणाक्षणाला तुटतो. मग करंट दुसऱ्या दिव्यांतून वाट शोधतो: ब्रेक दाबला की टेल मंद होतो, डावा इंडिकेटर लावला की उजवाही मिणमिणतो. पहिल्या हंगामात माझ्या मागच्या ट्रॉलीचे हेच झाले होते आणि मी चार दिवस बल्ब बदलत बसलो होतो. म्हणून अर्थची स्वतंत्र वायर शेवटच्या दिव्यापासून पहिल्या ट्रॉलीतून पुढे 3 नंबरच्या पिनमार्गे थेट ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्यावी, आणि ती इतर कोणत्याही वायरीपेक्षा बारीक नसावी, कारण सगळ्या दिव्यांचा परतीचा करंट तिच्यातूनच जातो.

वायर किती जाड असावी, हे अंदाजाने ठरवू नये. साधा हिशेब करता येतो. ब्रेकचा बल्ब 21 वॅटचा असतो, म्हणजे 12 व्होल्टवर तो 1.75 अँपिअर घेतो. दोन ट्रॉल्यांचे चार बल्ब धरले की 7 अँपिअर होतात. टेलचे 5 वॅटचे चार बल्ब आणखी सुमारे 1.7 अँपिअर घेतात. तांब्याच्या 1 स्क्वेअर एमएम वायरीचा रोध दर मीटरला सुमारे 0.0175 ओहम असतो. बॅटरीपासून दुसऱ्या ट्रॉलीच्या टोकापर्यंत सुमारे 15 मीटर अंतर धरले आणि सगळीकडे 1 स्क्वेअर एमएम वायर वापरली, तर जाताना आणि परत येताना मिळून सुमारे 3 व्होल्ट वायरीतच खर्च होतात. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने घटतो, त्यामुळे मागच्या ट्रॉलीचा ब्रेकचा दिवा निम्म्याहूनही कमी उजेडाने लागतो आणि लांबून टेल कोणता व ब्रेक कोणता हे कळत नाही. बल्ब वापरायचे असतील, तर ब्रेक आणि अर्थसाठी किमान 2.5 स्क्वेअर एमएम आणि इतरांसाठी 1.5 स्क्वेअर एमएम वायर घ्यावी. वायर बहुतारी, लवचीक आणि वाहनांसाठीचीच असावी. घरातील फिटिंगची एकतारी कडक वायर धक्क्यांनी तुटते.

माझे मत विचाराल, तर ट्रॉलीला एलईडी दिवेच लावावेत. तीन-तीन वॅटचे चार ब्रेक दिवे मिळून जेमतेम 1 अँपिअर घेतात, त्यामुळे व्होल्टेजची घट नगण्य होते, आणि खडबडीत शेतरस्त्यावर बल्बची तार तुटण्याचा प्रश्नच राहत नाही. एलईडीला पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटे चालत नाही, एवढे जोडताना सांभाळावे. दोन्ही ट्रॉल्यांना एकाच प्रकारचे दिवे लावलेले बरे.

बल्बच ठेवायचे असतील, तर आणखी दोन गोष्टी कराव्या लागतात. पहिली गोष्ट म्हणजे ब्रेकसाठी रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. ट्रॅक्टरचे स्वतःचे दोन आणि ट्रॉल्यांचे चार असे सहा बल्ब पॅडलच्या छोट्या स्विचवर टाकले, तर त्याचे कॉन्टॅक्ट जळतात. बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळच 10 अँपिअरचा फ्यूज लावून वायर रिलेच्या 30 नंबरला आणावी, 87 मधून सॉकेटच्या 6 नंबरला न्यावी, 86 ला ब्रेक स्विचकडून येणारी वायर जोडावी आणि 85 अर्थला लावावी. असे केल्यावर पॅडलच्या स्विचवर ट्रॉल्यांपैकी फक्त रिलेच्या कॉइलचा किरकोळ भार येतो. दुसरी गोष्ट म्हणजे फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारी डबी. एका बाजूचे पुढचा, मागचा आणि ट्रॉल्यांचे दोन असे 21 वॅटचे चार बल्ब म्हणजे 84 वॅट होतात, म्हणून फ्लॅशरवर लिहिलेली क्षमता वाचून तेवढ्या भाराचाच घ्यावा. एलईडीच्या बाबतीत उलटे होते: जुन्या पद्धतीच्या फ्लॅशरला भार कमी पडला की तो नीट लुकलुकत नाही, तेव्हा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवावा. ट्रॅक्टरला उजव्या बाजूला दोन ब्रेक पॅडल असतात. त्यांपैकी एकालाच स्विच असेल, तर पॅडल कडीने जोडलेले नसताना ब्रेकचा दिवा न लागण्याची शक्यता असते. रस्त्यावर दोन्ही पॅडल जोडूनच चालवायचे असतात, पण स्विच कोणत्या पॅडलला आहे हे पाहून ठेवावे.

वायरचा मार्ग ठरवताना कारखान्यावर ट्रॉली कशी रिकामी होते ते डोळ्यांसमोर आणावे. गव्हाणीपाशी (कारखान्यात ऊस टाकतात त्या जागी) क्रेन तारेच्या दोरांनी ऊस ओढते, तेव्हा फळ्यांवरून किंवा वरच्या कडेने नेलेली वायर पहिल्याच खेपेला तुटते. म्हणून सगळ्या वायरी प्लॅस्टिकच्या लवचीक पाइपात घालून चेसिसच्या लांब चॅनेलच्या आतल्या पोटातून न्याव्यात आणि साधारण प्रत्येक हातभर अंतरावर क्लिपने आवळाव्यात. लोखंडाच्या छिद्रातून वायर जाते तेथे रबरी ग्रोमेट (छिद्राच्या कडेला बसणारी कडी) हवाच. पाइपाची तोंडे टेपने बंद करावीत, कारण पाचटासोबत येणारे उंदीर हंगाम संपल्यावर उभ्या ट्रॉलीच्या वायरी कुरतडतात. सांधे शक्य तितके कमी ठेवावेत. जेथे करावेच लागतील तेथे थिंबल (वायरीवर दाबून बसवायची धातूची टोपी) दाबून, त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवावी, नुसते पीळ देऊन टेप गुंडाळू नये.

पहिल्या ट्रॉलीच्या मागे दुसऱ्या ट्रॉलीसाठी तसेच सात पिनांचे सॉकेट बसवावे आणि पुढच्या प्लगपासून सातही वायरी तेथपर्यंत सरळ नेऊन वाटेत दिव्यांसाठी फाटे काढावेत. दोन वाहनांमधील केबल पूर्ण वळणावर ताणणार नाही इतकी सैल, पण रस्त्याला घासणार नाही इतकी आखूड असावी. गाडी पूर्ण वळवून पाहिल्याशिवाय केबल कापू नये. ट्रॉली सोडल्यावर प्लग मातीत लोंबू नये, म्हणून ड्रॉबारवर रिकामे सॉकेट बसवून त्यात तो अडकवावा, आणि पिनांना थोडे व्हॅसलीन लावावे.

दिवे कोठे बसवायचे, हा प्रश्न वायरिंगइतकाच महत्त्वाचा आहे. उसाची वाढी, म्हणजे शेंड्याकडची हिरवी पाने, ट्रॉलीच्या मागे लोंबते आणि चेसिसवर बसवलेले दिवे व रिफ्लेक्टर पूर्ण झाकून टाकते. त्यासाठी एक लांब लाकडी फळी घेऊन तिच्यावर दोन्ही टोकांना टेल, ब्रेक आणि इंडिकेटर बसवावेत, खाली मागच्या बाजूचे लाल रिफ्लेक्टर आणि लाल पट्टी लावावी, आणि फळीला तीन-चार मीटर केबल व स्वतःचा प्लग द्यावा. ऊस भरून झाला की फळी दोरांनी मागच्या मोळ्यांच्या बाहेर टांगायची, आणि गव्हाणीत जाण्यापूर्वी काढून ट्रॅक्टरवर ठेवायची. हाताळणी वाढते हे खरे, पण झाकला गेलेला दिवा लागला काय आणि विझला काय, सारखेच.

शेवटी तपासणी करावी. एकेक दिवा वेगळा लावून पाहिला की पुरेसे वाटते, परंतु दोष एकत्र लावल्यावर दिसतात. टेल चालू ठेवून ब्रेक दाबायला सांगावे आणि त्याच वेळी इंडिकेटर लावावा. टेल मंद झाला किंवा भलताच दिवा सोबत लुकलुकला, तर अर्थ सैल आहे असे समजावे. मल्टिमीटर असेल, तर सगळे दिवे चालू असताना त्याची एक सळई बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी शेवटच्या दिव्याच्या अर्थ वायरला टेकवावी. एलईडी असतील, तर आकडा अर्ध्या व्होल्टच्या खाली राहिला पाहिजे. बल्ब असताना तो एक व्होल्टच्या पुढे गेला, तर 3 नंबरची पिन आणि सांधे उघडून पाहावेत. ही मोजणी भरलेल्या ट्रॉलीची पहिली खेप करून आल्यावर पुन्हा करावी, कारण सैल राहिलेला सांधा खडबडीत रस्त्यावरच्या हादऱ्यांनंतर उघडा पडतो.