जुनं मराठी वाचताना ओळखीच्या शब्दांपासून सांभाळा

शेजारी छापलेला भावार्थ आधी वाचू नका. मूळ ओळी दोनदा मोठ्यानं वाचा, अडलेल्या शब्दांवर खूण करा, मगच कोश उघडा.

अनोळखी शब्द त्रास देत नाहीत. 'आथि' दिसलं की आपण अडतो, शोधतो, 'आहे' हा अर्थ सापडतो, विषय संपतो. फसवतात ते रोजचे शब्द, कारण तिथे शंकाच येत नाही.

'लहानपण देगा देवा' हा तुकोबांचा अभंग मी कित्येक वर्षं बालपणाचा समजत होतो. एका भाषणाची सुरुवातच त्यानं केली आणि पुढे गोट्या, विटीदांडू, आंब्याची झाडं असं बरंच काही ऐकवलं. कार्यक्रम संपल्यावर एका आजोबांनी शांतपणे विचारलं, "मग त्यात ऐरावत कशाला आलाय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन पूर्ण अभंग वाचला. मुंगीला साखरेचा रवा, ऐरावताला अंकुशाचा मार. आणि पुढे चक्क 'ज्याचे अंगी मोठेपण, तया यातना कठीण'. लहानपणाची जोडी मोठेपणाशी होती, म्हातारपणाशी नव्हे. मागणं नम्रतेचं होतं.

तेव्हापासून शब्दाचा जोडीदार त्याच रचनेत शोधायचा, हा माझा नेम आहे. एकच ओळ उचलून अर्थ लावणाऱ्यांवर माझा अजिबात विश्वास नाही.

जोडीदार नसेल तर क्रियापद तपासा. पसायदानात 'खळांची व्यंकटी सांडो' आहे. आज दूध सांडतं. तिथे सांडणं म्हणजे सुटणं, गळून जाणं. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. म्हणजे जायचाय तो वाकडेपणा, खळ नव्हे. प्रत्ययही बघा: 'देवें' म्हणजे 'देवाने'.

कोश कोणता? मोल्सवर्थची १८५७ची दुसरी आवृत्ती अजूनही कामाची आहे. यादवकाळच्या मराठीसाठी तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा १९९९चा कोश घ्या. खिशातला शब्दकोश इथे निरुपयोगी. आणि कोशात पाच अर्थ दिले असतील तर सगळ्यात गोड वाटणारा उचलू नका. सगळ्या ओळींत बसेल तोच घ्या.

पात्रांचंही असंच. स्वभाववर्णनाची विशेषणं गोळा करत बसण्यापेक्षा ते पात्र कुणाला काय म्हणतं ते बघा. गीतेच्या पहिल्याच श्लोकात धृतराष्ट्र संजयाला विचारतो, 'मामकाः' आणि 'पाण्डवाः' यांनी काय केलं? माझे आणि पांडूचे. भावाची मुलं 'माझे'मध्ये बसत नाहीत. अख्ख्या गीतेत त्याच्या तोंडी हा एवढा एकच श्लोक आहे.